सहा मिलिमीटरचा वेल्ड, १२३ मृत्यू: ‘अलेक्झांडर किलँड’चं प्रकरण

२७ मार्च १९८०, गुरुवार. उत्तर समुद्रात नॉर्वेच्या हद्दीतल्या एकोफिस्क तेलक्षेत्रात ‘अलेक्झांडर एल. किलँड’ नावाचा तरंगता प्लॅटफॉर्म संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास एकदम कलला आणि वीस-पंचवीस मिनिटांत पूर्ण उलटा झाला. वर २१२ माणसं होती. त्यातली १२३ गेली. चौकशीत माग निघाला तो एका हायड्रोफोनच्या, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या यंत्राच्या, होल्डरपर्यंत, आणि तो ज्या वेल्डने बसवला होता त्या वेल्डच्या जाडीपर्यंत: ६ मिलिमीटर.

ऑफशोअर स्ट्रक्चरच्या कुठल्याही कोर्समध्ये हे प्रकरण येतंच. बहुतेक वेळा ते ‘वेल्डिंग खराब असलं की काय होतं बघा’ एवढ्यावर आटोपतं. वेल्ड खराब होता यात वाद नाही. पण खराब वेल्ड जगातल्या प्रत्येक यार्डात होतात, रोज होतात. त्यातल्या एकाने दहा हजार टनांचा प्लॅटफॉर्म उलटा का करावा, हा खरा प्रश्न. चौकशी आयोगावर एक तरुण प्राध्यापक होते, तोरगाइर मोआन. जन्म १९४४चा, म्हणजे तेव्हा वय पस्तिशीचं. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या तंत्रविद्यापीठात सागरी स्ट्रक्चर हा त्यांचा विषय. पुढची कित्येक दशकं फटीग (वारंवार येणाऱ्या ताणाने धातूत भेग वाढत जाऊन तो तुटणं) आणि स्ट्रक्चरल रिलायबिलिटीवर त्यांनी जे काम केलं, त्यातला मोठा भाग या एका प्रश्नाभोवती फिरतो असं मला ते वाचताना नेहमी वाटतं.

रिग कसा होता

‘पेंटागोन’ जातीचा सेमी-सबमर्सिबल, म्हणजे अर्धा पाण्यात बुडून तरंगणारा रिग. पाच खांब, ए ते ई. प्रत्येक खांब साडेआठ मीटर व्यासाचा आणि त्याच्या तळाशी २२ मीटर व्यासाचा पॉन्टून, म्हणजे तरंगवणारी पोकळ टाकी. पॉन्टून पाण्याखाली, डेक लाटांच्या वर, आणि खांब एकमेकांशी व डेकशी बांधणाऱ्या पोकळ नळ्या. या नळ्यांना ब्रेस म्हणतात. फ्रान्समधल्या डंकर्कच्या यार्डात बांधून जुलै १९७६ मध्ये तो नॉर्वेतल्या मालकांच्या ताब्यात आला. नाव मिळालं ते एकोणिसाव्या शतकातल्या एका नॉर्वेजियन लेखकाचं, जे काही काळ स्टाव्हांगर शहराचे महापौरही होते.

डिझाइन ड्रिलिंगसाठी होतं, डेरिक, म्हणजे ड्रिलिंगचा मनोराही उभा होता. पण वापर झाला तो वसतिगृह म्हणून. मुळात ८० माणसांची सोय होती, ती केबिनचे मजले चढवत चढवत १९७८ पर्यंत ३४८ खाटांवर गेली. शेजारच्या एड्डा प्लॅटफॉर्मवर पाळी करायची आणि पुलावरून चालत इथे जेवायला-झोपायला यायचं, असा दिनक्रम. हवा बिघडली की पूल काढून घ्यायचा आणि अँकरच्या दोरांवर ओढून रिग एड्डापासून लांब न्यायचा. त्या संध्याकाळीही तेच झालं होतं.

या प्रकारच्या रिगमध्ये ब्रेसचं काम नेमकं काय, ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सेमी-सबमर्सिबल लाटेवर फारसा हेलकावत नाही, कारण पाण्याच्या पातळीवर त्याचा छेद छोटा असतो. लाट डेक उचलत नाही, पण दोन खांबांच्या मधून जाताना त्यांना एकमेकांपासून लांब ढकलते, मग जवळ ओढते. हा सगळा मार ब्रेसवर. एक लाट म्हणजे प्रत्येक ब्रेसमध्ये एकदा ताण आणि एकदा दाब. उत्तर समुद्रात सरासरी सहा सेकंदांना एक लाट धरली तर वर्षाला पन्नास लाखांच्या वर आवर्तनं होतात. वीस वर्षांचं आयुष्य धरून डिझाइन केलं तर दहा कोटी.

ती संध्याकाळ

वारा सेकंदाला १६ ते २० मीटर, लाटा ६ ते ८ मीटर, पाऊस आणि धुकं. आपल्याला भीतीदायक वाटेल, पण उत्तर समुद्रात मार्च महिन्यात ही रोजची हवा. अशा रिगचं डिझाइन याच्या कितीतरी पट मोठ्या लाटेसाठी होतं. मोठ्या वादळात टिकलेली वस्तू मध्यम लाटांत तुटली की फटीगचा संशय घ्यायचा, हे या धंद्यात शिकवावं लागत नाही.

शंभराहून अधिक माणसं मेसमध्ये आणि सिनेमाच्या खोलीत होती. आधी एक मोठा धक्का बसला. लाटेचा असेल असं काहींना वाटलं. लगेच दुसरा. डी खांबाला बांधणाऱ्या सहा ब्रेसपैकी डी-६ तुटला होता. उरलेल्या पाचांवर अचानक त्याचा भार आला आणि ते एकामागोमाग एक, पेलवेना म्हणून तुटले. डी खांब सुटून वेगळा झाला. रिग तिथल्या तिथे ३० ते ३५ अंश कलला आणि थांबला. थांबला तो बी खांबाच्या एका अँकर-दोरामुळे. बाकीचे दोर तुटले होते. सुमारे वीस मिनिटं तो एक दोर टिकला. ६ वाजून ५३ मिनिटांनी तोही तुटला आणि रिग उलटला.

त्या वीस मिनिटांत काय झालं हे वाचणं जड जातं. प्रत्येकी ५० माणसांच्या सात लाइफबोटी होत्या, म्हणजे ३५० जणांची सोय, बोर्डावरच्या माणसांपेक्षा जास्त. त्यातल्या चार खाली सोडता आल्या. या चारांतली एकच दोरापासून सुटली. हुक अशा बनावटीचे होते की दोरावरचा भार पूर्ण गेल्याशिवाय ते उघडत नसत. बोट पाण्यावर टेकण्याआधी चुकून सुटू नये म्हणून ही सुरक्षितता. लाटांवर आदळणाऱ्या बोटीच्या दोरावरचा भार पूर्ण जातो कधी? आणखी एक बोट उलटी होऊन वर आली, आतल्या माणसांनी ती सरळ केली आणि पाण्यातल्या १९ जणांना आत ओढलं. राखीव म्हणून नेमलेलं जहाज तिथे पोचायला तासभर लागला. त्या जहाजाने एकही माणूस वाचवला नाही.

(पुढे नियम बदलले आणि १९८६ पासून नव्या जहाजांवर भार असतानाही उघडता येणारे हुक सक्तीचे झाले. मग तेच हुक सरावाच्या वेळी अवेळी उघडून जगभर खलाशी मरू लागले. सुरक्षिततेच्या एका कलमाने दुसरीकडे काय सोडवून ठेवलं, याचा हिशेब क्वचितच कुणी मांडतं.)

भेगेचा माग

डी-६ ही २.६ मीटर व्यासाची आणि २६ मिलिमीटर जाडीची नळी. तिच्या अंगात गॅस-कटिंगने एक गोल भोक पाडलं होतं, सव्वातीनशे मिलिमीटरच्या आसपास व्यासाचं. भोकात हायड्रोफोनचा होल्डर, म्हणजे जाड पत्र्याचं एक बूच-नळकांडं, आत घालून आतून-बाहेरून गोल वेल्ड केला होता. हायड्रोफोन कशासाठी, तर ड्रिलिंग करताना रिगची जागा कळावी म्हणून. म्हणजे ज्या कामासाठी हे भोक पाडलं, ते काम हा रिग करतच नव्हता.

तुटलेले तुकडे प्रयोगशाळेत आले तेव्हा दोन खुणा बोलक्या निघाल्या. पहिली, ब्रेसच्या तुटलेल्या काठावर. लाटेच्या एकेका आवर्तनाने भेग किंचित पुढे सरकते आणि पृष्ठभागावर आपली रेघ सोडते. हवामान पालटलं की या रेघांचा पोतही पालटतो. या रेघा होल्डरच्या भोकापासून दोन्ही बाजूंना निघून नळीच्या परिघाच्या दोन-तृतीयांशाहून जास्त अंतर गेल्या होत्या. परिघ आठ मीटरचा. म्हणजे पाचेक मीटरची भेग त्या संध्याकाळच्या आधीच तयार होती आणि त्या ब्रेसच्या वर माणसं जेवत, झोपत, सिनेमा बघत होती. शेवटचा एक-तृतीयांश भाग एका झटक्यात तुटला.

दुसरी खूण जास्त खोल. होल्डरच्या वेल्डमधल्या एका भेगेच्या आत रंग सापडला, यार्डात रिगला लावलेला रंग. भेग आधी आणि रंगारी नंतर, असाच त्याचा अर्थ. रिग समुद्रात उतरण्यापूर्वी, मालकाच्या ताब्यात जाण्यापूर्वी, वेल्ड फाटलेला होता. होल्डरचा पत्राही जाडीच्या दिशेने ओढ सोसणारा नव्हता, वेल्ड थंड होताना आतल्या आत पदर सुटल्यासारखा फाटला.

आता एक छोटा हिशेब. वेल्ड धड असता तर भोकाच्या काठावरचा ताण आजूबाजूच्या ताणाच्या दीडपटीच्या आसपास राहिला असता असं धरू, कारण होल्डर स्वतः थोडा भार वाहतो. वेल्ड सुटला की उरतं मोकळं भोक. ओढलेल्या पत्र्यातल्या मोकळ्या गोल भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो, हे १८९८ पासून माहीत असलेलं उत्तर आहे. दीडचे तीन झाले, म्हणजे ताण दुप्पट. वेल्ड केलेल्या जोडाचं फटीग-आयुष्य ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. ताण दुप्पट, आयुष्य आठवा हिस्सा. पंचवीस-तीस वर्षं टिकेल असा जोड तीन-साडेतीन वर्षांवर येतो. रिग ताब्यात आल्यापासून उलटेपर्यंत तीन वर्षं आणि आठ महिने झाले होते. माझा हिशेब ढोबळ आहे, आकडा जुळला हा काही अंशी योगायोगही असेल. पण घनाचा केवढा परिणाम होतो याचा अंदाज येण्यापुरता तो पुरेसा आहे.

फटीग समजावताना सगळे तारेचं उदाहरण देतात: मागेपुढे वाकवा, तुटते. मला ते दिशाभूल करणारं वाटतं. तार वाकताना दिसते. डी-६ कधी वाकला नाही, फुगला नाही, त्याच्या रंगावर कुठे सुरकुती पडली नाही. लोखंडाची ताकद जास्त घेऊनही फायदा नाही, कारण वेल्डच्या टोकाशी जन्मापासून मिलिमीटरच्या अंशाएवढे दोष असतात आणि आयुष्य ठरतं ते दोष वाढायच्या वेगावरून. उलट जास्त ताकदीचं पोलाद घेऊन पत्रा पातळ केला की ताण वाढतो आणि फटीग आणखी लवकर येतो. हा सापळा सत्तरच्या दशकात अनेक यार्डांनी स्वतःहून पाय घालून अनुभवला.

कुणाच्याच यादीत नसलेला जोड

माझ्या मते प्रकरणाचा गाभा इथे आहे. ब्रेस खांबाला जिथे मिळतो ते जोड सगळ्यांना महत्त्वाचे वाटत होते. त्यांचे ड्रॉइंग तपासले जात, वेल्डची चाचणी होई. हायड्रोफोनचा होल्डर मात्र ‘उपकरणाचा भाग’ होता. पाइपाचा टेकू, केबलचा क्लॅम्प, शिडीचा पाय, त्याच रांगेतला. स्ट्रक्चरवाल्यांच्या लेखी तो भार वाहत नव्हता, म्हणून त्यांच्या यादीत नव्हता. उपकरणवाल्यांच्या लेखी तो हायड्रोफोनचं वजन सहज पेलत होता, म्हणून त्यांचीही हरकत नव्हती. ६ मिलिमीटरचा वेल्ड हायड्रोफोन धरायला भरपूर झाला. त्याच वेल्डने आता ब्रेसमधला ताण वाहायचा आहे, हे कुणाच्याच टेबलावर आलं नाही.

त्या काळी अशा रिगच्या ब्रेसचा फटीग-हिशेब करायची नीटशी सक्तीही नव्हती. कमाल लाटेला पुरेसा मजबूत आहे ना, एवढं बघत. फटीगचं शास्त्र मात्र नवं नव्हतं. रेल्वेच्या आसांवर वोलरने एकोणिसाव्या शतकात प्रयोग केले होते. वेगवेगळ्या ताणांच्या आवर्तनांची बेरीज कशी करायची हे पामग्रेनने १९२४ मध्ये आणि माइनरने १९४५ मध्ये सांगितलं होतं. भेग किती वेगाने वाढते याचा पॅरिसचा नियम साठच्या दशकातला. विमानवाले हे सगळं वापरत होते. तेलवाल्यांनी फार उशीर केला. एका अर्थी त्याची शिक्षा आधीच मिळू लागली होती: १९७९ च्या मे महिन्यात टेक्सासच्या किनाऱ्यापाशी ‘रेंजर वन’ हा जॅक-अप (तळावर पाय टेकून उभा राहणारा) रिग फटीगमुळेच कोसळून आठ माणसं गेली होती.

जोडाची जबाबदारी दोन खात्यांच्या मधे पडणं हे मला वेल्डच्या जाडीपेक्षा कितीतरी जास्त ओळखीचं वाटतं. आजही ड्रॉइंगवर ‘किरकोळ अटॅचमेंट, साइटवर ठरवणे’ अशी टीप दिसते, आणि त्या किरकोळ तुकड्याचा वेल्ड नेमका सगळ्यात ताणलेल्या पत्र्यावर बसतो. साइटवरचा फोरमन बिचारा जागा मोकळी दिसेल तिथे लावतो.

आकडा काय सांगतो

मोआन यांच्या पुढच्या कामाकडे येऊ. स्ट्रक्चरल रिलायबिलिटी म्हणजे थोडक्यात असं: भार किती येईल हे नक्की माहीत नाही, जोड किती सोसेल हेही नक्की नाही. दोन्हींना एकेक आकडा देऊन वर सुरक्षा-गुणक लावण्याऐवजी दोन्हींचा पसारा गृहीत धरायचा आणि भार ताकदीला ओलांडेल याची शक्यता काढायची. ही शक्यता ‘बीटा’ नावाच्या निर्देशांकाने सांगतात. बीटा ३ म्हणजे हजारात साधारण १.३, बीटा ३.७ म्हणजे दहा हजारांत एक.

फटीगमध्ये हा पसारा अफाट असतो. एकाच यार्डातले, एकाच वेल्डरचे, एकाच ताणाला ठेवलेले दोन नमुने आयुष्यात तिप्पट-चौपट फरक दाखवतात. त्यात ताणाचा अंदाजच २० टक्क्यांनी चुकला तर घनामुळे आयुष्य पावणेदोन पटीने चुकतं. म्हणून ‘या जोडाचं आयुष्य ४० वर्षं’ या वाक्याला फटीगच्या माणसाच्या लेखी काही अर्थ नसतो. पुढे किती शक्यतेने, हे यावं लागतं.

दुसरा धागा इन्स्पेक्शनचा. पाणबुड्याने जोड तपासला आणि भेग सापडली नाही. याने काय कळलं? भेग नाहीच असं नक्कीच नाही, कारण गढूळ पाण्यात, शेवाळ खरवडून, थंडीत काम करणाऱ्या माणसाच्या नजरेतून लहान भेग सुटते. किती लांबीची भेग किती शक्यतेने सापडते याचा आलेख काढता येतो, आणि ‘सापडली नाही’ या बातमीने आधीची शक्यता किती खाली येते हे बेझच्या सूत्राने काढता येतं. मग पुढची तपासणी कधी, कोणत्या जोडाची, हे ठरवता येतं. मोआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर समुद्रातल्या जॅकेटांच्या, म्हणजे तळावर उभ्या असलेल्या नळ्यांच्या सांगाड्यांच्या, हजारो तपासण्यांच्या नोंदी घेऊन हिशेब आणि वास्तव ताडून पाहिलं. हे काम फारसं झगमगीत नाही, पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात उपयोगी काम. जॅकेटांत हिशेबाने जितक्या भेगा यायला हव्या होत्या त्याहून बऱ्याच कमी सापडल्या. म्हणजे हिशेब सावध होता. पण काही भेगा अशा जोडांत निघाल्या जिथे हिशेबाने काहीच धोका दाखवला नव्हता. तिथे बांधतानाच काहीतरी ठोक चूक झालेली होती.

या दुसऱ्या प्रकारच्या भेगा म्हणजेच डी-६. मोआन यांच्या लेखनात हा मुद्दा पुन्हा पुन्हा येतो: रिलायबिलिटीचा आकडा नैसर्गिक चढ-उताराचा असतो. लाट मोठी येईल, पोलाद थोडं कमी निघेल, वेल्डचा आकार थोडा वेडावाकडा असेल. ‘हा वेल्ड यार्डातच फाटला आणि कुणी पाहिला नाही’ ही शक्यता त्या आकड्यात नसते. प्रत्यक्षातल्या मोठ्या दुर्घटना मात्र बहुतेक अशा चुकांतूनच होतात. म्हणून काढलेला बीटा आणि अपघातांची खरी आकडेवारी एकमेकांशी जुळत नाहीत, आणि जुळवायचा आग्रह धरू नये. आयुष्यभर हा आकडा काढणाऱ्या माणसाने त्याची मर्यादा इतक्या स्पष्टपणे सांगावी, याचं मला अप्रूप आहे. आमच्याकडे सॉफ्टवेअरने भार आणि ताकद यांचं गुणोत्तर ०.९८, म्हणजे १च्या आत, दाखवलं की फाइल बंद होते.

एक ब्रेस गेला तर

चूक होणारच असेल आणि ती आकड्यात पकडता येत नसेल, तर करायचं काय? किलँडमधला उपाय उघड होता, फक्त तो कुणी आधी मागितला नव्हता. डी-६ तुटला हे एक अपयश. पण डी-६ नंतर बाकीचे पाच ब्रेस टिकले असते तर ती दुरुस्तीची बाब झाली असती. खांब सुटल्यावरही रिग कललेल्या अवस्थेत तरंगत राहिला असता तर माणसं उतरवता आली असती. पेंटागोनच्या रचनेत पहिल्या अपयशानंतर दुसरा आसरा नव्हता.

नॉर्वेच्या पेट्रोलियम संचालनालयाने १९८४ च्या नियमांत हे आणलं. अ‍ॅक्सिडेंटल लिमिट स्टेट असं त्याचं नाव. वर्षाला दहा हजारांत एक एवढ्या शक्यतेचा अपघात, म्हणजे जहाजाची धडक, आग, स्फोट, वरून पडलेली वस्तू, गृहीत धरायचा आणि त्याने झालेलं नुकसान मान्य करायचं. मग त्या जखमी स्ट्रक्चरने वर्षाला शंभरात एक शक्यतेच्या वादळात उभं राहून दाखवायचं. सेमी-सबमर्सिबलसाठी सोपा अर्थ असा की कोणताही एक ब्रेस मॉडेलमधून काढून टाका आणि पुन्हा हिशेब करा. तो का गेला, हे विचारायचं नाही. वेल्ड फाटला, हायड्रोफोनचा होल्डर, की पुरवठा करणारी बोट धडकली, कारणाची यादी करावीच लागत नाही. तुमच्या यादीत नसलेला जोड शेवटी इथे पकडला जातो. नॉर्वेच्या सागरी खात्याने याशिवाय एका खांबाची तरंगशक्ती गेली तरी रिग तरंगला पाहिजे, त्यासाठी डेकमध्ये राखीव बंद जागा ठेवा, अशी अट घातली.

फटीगच्या बाजूने, जोड गेल्याने परिणाम किती मोठा आणि तो तपासता येतो का, या दोन प्रश्नांवर आयुष्याचा गुणक बांधला गेला. नॉर्वेच्या नॉरसोक मानकात तो असा आहे: जोड गेला तर परिणाम गंभीर आणि तिथे पोचताच येत नाही, तर हिशेबातलं आयुष्य डिझाइन-आयुष्याच्या १० पट हवं. पाण्याखाली पण पोचता येतो, तर ३ पट. वर कोरड्या भागात, तर २ पट. परिणाम किरकोळ असेल तर त्याहून कमी, आणि सगळ्यात सोप्या जागी १. तक्ता छोटासा आहे, पण त्यात किलँडचा सगळा अहवाल दडलेला दिसतो.

डिझाइनर लोकांनी स्वतःचाही एक निष्कर्ष काढला: ब्रेस जितके कमी तितके बरे. नव्या पिढीच्या सेमी-सबमर्सिबलमध्ये तिरप्या नळ्यांचं जाळं जवळपास गेलं, जाड खांब आणि चौकटीसारखे पॉन्टून आले.

अरबी समुद्रातली बाजू

मुंबई हायचा उल्लेख इथे ओढून-ताणून करायचा नाही. तिथले प्लॅटफॉर्म सेमी-सबमर्सिबल नाहीत, तळावर उभी जॅकेट आहेत, आणि त्यांच्या सांगाड्यात मुळातच जास्त नळ्या असतात. एक गेली तर भार दुसरीकडून वाहतो. समुद्रही वेगळा: चार महिने पावसाळ्याचा मारा आणि बाकी वर्ष बरंच शांत. पण ‘सागर सम्राट’ या ड्रिलिंग रिगला तिथे तेल सापडलं ते १९७४ मध्ये, उत्पादन १९७६ पासून. त्या पहिल्या दशकातल्या अनेक जॅकेटांचं २५ वर्षांचं डिझाइन-आयुष्य केव्हाच उलटून गेलं. ती आणखी किती चालवायची हे ठरवताना वापरतात ते हत्यार हेच: उरलेलं फटीग-आयुष्य, तपासणीचा इतिहास, आणि अमुक नळी गेली असं धरून राखीव ताकद.

अपघाती नुकसानाची बाजू आपल्याला वेगळ्या वाटेने कळली. २७ जुलै २००५ रोजी, मुंबईत २६ जुलैचा पाऊस होऊन एक दिवस झालेला असताना, मुंबई हाय नॉर्थवर जखमी माणसाला उतरवायला आलेलं जहाज लाटांत प्लॅटफॉर्मच्या रायझरवर, म्हणजे समुद्रतळातून वर येणाऱ्या गॅसच्या नळीवर, आपटलं. गॅस पेटला आणि दोन तासांच्या आत मुख्य प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. २२ माणसं गेली. फटीगचा संबंध नव्हता. पण एका नळीला धक्का लागल्यावर पुढची साखळी कुठे तुटणार, हा प्रश्न मात्र तोच होता.

जे सुटलेलं नाही

किलँड १९८३ मध्ये स्टाव्हांगरजवळच्या फ्योर्डमध्ये सरळ करण्यात आला. आत सहा मृतदेह मिळाले, तीस माणसं कायमची बेपत्ता राहिली. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये रिग दुसऱ्या फ्योर्डमध्ये बुडवला गेला. पुरावा खोल पाण्यात गेल्याने कुटुंबीयांच्या मनातल्या शंका मिटल्या नाहीत. २०२१ मध्ये नॉर्वेच्या महालेखापरीक्षकांनी, सरकारने वाचलेल्यांची आणि मृतांच्या घरच्यांची पुरेशी काळजी घेतली नाही असा ठपका ठेवला.

तांत्रिक बाजूनेही एक गोष्ट अडून आहे. ‘एक ब्रेस काढून टाका’ या नियमात उरलेले सगळे धडधाकट धरलेले असतात. पण खराब वेल्ड एकटा येत नाही. तोच यार्ड, तीच पाळी, पोलादाची तीच खेप, तीच घाई. म्हणून दोन जोडांची अपयशं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, आणि किती परस्परावलंबी हे मोजायला चांगली आकडेवारी नसते. सिस्टिम रिलायबिलिटीचे हिशेब याच संबंधावर सगळ्यात जास्त डगमगतात. तपासणीत एका ठिकाणी न अपेक्षिलेली भेग मिळाली, तर ती दुरुस्त करून यादी पुढे चालू ठेवायची, की त्याच यार्डाने त्याच महिन्यात केलेले सगळे जोड, होल्डर, क्लॅम्प आणि शिडीचे पाय धरून, पुन्हा उघडायचे? हिशेब दुसऱ्या बाजूने बोलतो. पाणबुड्यांच्या जहाजाचं दिवसाचं भाडं बहुतेक वेळा पहिल्या बाजूने.